पाटीवरच्या टिकल्या

दादाच्या पाटीला चार बटणं होती आणि त्यांतलं एकही कधी माझ्या वेळेला कामाला आलं नाही.

पाटी म्हणजे संगणकावर चित्र काढायची पाटी. काळी, सपाट, जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर एक जाड पेन फिरवायचं आणि रेघ उमटायची ती समोरच्या पडद्यावर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसानं खोक्यातून ती वस्तू बाहेर काढली आणि तिलाही पाटीच म्हटलं. घरात मग तेच नाव राहिलं. पाटीच्या एका कडेला चार बटणं, पेनाला आणखी दोन. कोणत्या बटणानं काय करायचं ते वापरणाऱ्यानं स्वतः ठरवायचं, अशी तिच्यात सोय होती. मी पुष्कळ यंत्रांशी भांडलो आहे, पण या एवढ्या सोयीनं मला जितका वैताग दिला, तितका कुठल्याही गैरसोयीनं दिला नाही.

दादा मूळचा पेंटर. वाटूरच्या फाट्यावरच्या खतांच्या दुकानांपासून अंकुशनगरच्या रस्त्यावरच्या रसवंत्यांपर्यंत कितीतरी अक्षरं त्याच्या हातची होती. पुढं फ्लेक्स आला आणि बघता बघता रंगाचं काम बंद पडलं. दादानं त्याबद्दल फार दुःख केलं नाही. जालन्यात बियाणांच्या कंपन्या पुष्कळ, आणि बियाणाच्या प्रत्येक पुडीवर चित्र लागतं. मिरची, भेंडी, कापसाचं फुटलेलं बोंड. त्यानं संगणक घेतला, पाटी घेतली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो. दुपारी घरी आलो की पुडीच्या मागचा मजकूर मी जुळवायचा, म्हणजे पेरणी कधी करायची, दोन रोपांत अंतर किती ठेवायचं, पाण्याच्या पाळ्या किती. शिवाय दादानं काढलेल्या चित्राच्या कडेनं पेन फिरवून मागची पार्श्वभूमी कापायचं हमाली कामही माझ्याकडं होतं. म्हणजे संगणक एक, पाटी एक आणि बसणारे दोघं.

त्यात दादा डावखुरा. लहानपणी त्याचा हात जेवणापुरता उजवा करण्यात घरच्यांना यश आलं होतं. रंगाच्या बाबतीत मात्र कुणाचं काही चाललं नाही. डावखुऱ्या माणसासाठी पाटी उलटी फिरवून ठेवता येत होती. बटणं मग उजव्या हाताखाली यायची आणि पेनाला डावीकडं जागा व्हायची. पाटी फिरवली की संगणकालाही तसं सांगावं लागे. दादा सांगायचा. मी बसताना पाटी सरळ करायचो आणि संगणकाला सांगायचं विसरायचो. मग पेन खाली ओढलं की बाण वर जायचा, उजवीकडं नेलं की डावीकडं पळायचा. मिरचीचं देठ धरायला जावं आणि कंपनीचं नाव खरवडून यावं, असं ते व्हायचं.

एवढंच असतं तरी मी सवय करून घेतली असती. पण दादा बटणांची कामं बदलायचा. आठवड्यातून एकदा नव्हे, वाटेल तेव्हा. आधीच्या दिवशी ज्या बटणानं चुकलेली रेघ मागं घेता यायची, ते आज दाबलं की कागदच सरकायचा. पेनाचं खालचं बटण सकाळी रंग उचलायचं, संध्याकाळी तेच ब्रश मोठा करायचं. एकदा मी अर्धा तास जपून कापलेली कपाशीची पानं एका दाबण्यानं नाहीशी झाली. मी खुर्चीतूनच ओरडलो. दादा बाहेर ओट्यावर चहा पीत होता. तो शांतपणे आत आला.

"काल याच बटणानं मागं जाता येत होतं," मी म्हणालो.

"काल येत होतं. आज ती दोरी हाय."

"का पण?"

"आज रेघा जास्त हायेत, मास्तर."

दोरी हा त्याच्या जुन्या धंद्यातला शब्द. पाटी रंगवण्याआधी दोन टोकांना रंगाची दोरी ताणून धरायची आणि मधोमध टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. सरळ रेघ मारणाऱ्या बटणाला म्हणून तो दोरी म्हणायचा. मला तो मास्तर म्हणायचा ते आदरानं नव्हे. मी त्याला म्हणालो की टंकलेखन यंत्राच्या कळा माणसं रोज हलवत नाहीत, म्हणूनच तर ते शिकता येतं. त्यावर तो म्हणाला, "तुझ्याकडं रोज तेच धडे असतात. माझ्याकडं आज भेंडी, उद्या कारलं. एकाच बटणानं दोन्ही कसं करू?" आणि माझ्या हातातलं पेन काढून घेऊन त्यानं ती पानं कुठून तरी परत आणली. कुठून, ते मला त्यानं दाखवलं नाही.

त्याचा हा नाद पाटीपुरता नव्हता. वहिनीच्या मोबाइलवर एक आकडा जरा वेळ दाबून धरला की थेट त्याला फोन लागेल, अशी व्यवस्था त्यानं करून दिली होती. तो आकडा पिशवीत आपोआप दाबला जायचा. वहिनी बाजारात भाजी निवडायची आणि दादा इकडं फोन कानाला लावून सगळा व्यवहार ऐकत बसायचा. ती घरी आली की म्हणायचा, "मेथी जून घेतलीस. भाजीवालाच म्हणून राह्यला होता कालची हाय म्हणून." वहिनीनं तो आकडा काढून टाकायला सांगितलं. त्यानं काढला आणि दुसऱ्यावर बसवला.

बटणांच्या गोंधळावर उपाय शेवटी वहिनीनंच काढला. आमच्या दोघांच्या वादाला कंटाळून ती एके दिवशी टिकल्यांचं पाकीट घेऊन आली आणि टेबलावर टाकून गेली. दादाला ते फार आवडलं. त्यानं दोरीच्या बटणाला मोठी मरून टिकली लावली, मागं जायच्या बटणाला बारीक लाल, कागद सरकवायच्या बटणाला हिरवी. आता काम बदललं की टिकली बदलायची, असा नियम झाला. दादानं तो बऱ्यापैकी पाळला. टिकलीचा डिंक वाळला की तो आतल्या खोलीकडं तोंड करून हाक द्यायचा, "मरून संपली," आणि वहिनी आतूनच विचारायची, "तुम्हाला की मशीनला?"

चौथ्या बटणाला टिकली नव्हती, कारण त्याला कामच नव्हतं. मी ते कितीदा तरी दाबून पाहिलं. काही होत नसे. ते बिघडलंय असं मी धरून चाललो होतो, पण दादानं सांगितलं की बिघडलेलं न्हाई, मीच काढून टाकलंय त्याचं काम. मला ते पटेना. इथं तीन बटणांत सहा कामं कोंबायची, त्यांच्यावरून रोज वाद घालायचा आणि चौथं बटण मोकळं ठेवायचं. मी विचारलं, मग ते कशाला आहे.

"ते अंगठ्यासाठी हाय," दादा म्हणाला.

मी हे त्याच्या नेहमीच्या टिंगलीत जमा केलं.

थंडीच्या सुरुवातीला दादा गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्याबद्दल मला आणखी लिहिता येत नाही.

टेंभुर्णीहून आत्या आली आणि तिनं घर हातात घेतलं. दहाव्याच्या आधी सगळं घर पुसून काढलं गेलं. तिनं पुढच्या खोलीतलं टेबल पुसलं, संगणक पुसला, पाटी पुसली आणि पाटीवरच्या टिकल्या नखानं खरवडून काढल्या. मी पाहिलं तेव्हा त्या केरात गेल्या होत्या. आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आता या घरात टिकल्या दिसू नयेत, एवढंच तिला कळत होतं आणि ते तिनं वहिनीच्या देखत केलं. वहिनी दारात उभी होती.

पुढं पंधराएक दिवसांनी कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. माणूस चांगला होता. आधी दादाबद्दल बोलला, मग त्यांनी विचारलं की भेंडीचं काय. उन्हाळी भेंडीच्या पुड्या छापायला द्यायची वेळ झाली होती. चित्र दादाकडं होतं. झालं असेल तर द्या. नसेल तर औरंगाबादला एक जण आहे, तो नव्यानं सगळंच करून देईल, असं त्यांनी सांगितलं. मी चार दिवस मागून घेतले.

चित्र उघडलं. भेंड्या पूर्ण झाल्या होत्या. पाच भेंड्या, एकीवर एक कलंडलेल्या, आणि त्यांच्या कडांवर ती बारीक लव. दादा म्हणायचा की बाईला पुडी पाहून शेंडा मोडून बघावासा वाटला पाहिजे, मंगच ती भेंडी. तसंच वाटत होतं. राहिलं होतं ते वरच्या कोपऱ्यातलं पान आणि पिवळं फूल. नुसत्या फिकट रेघा मारून ठेवल्या होत्या. तेवढं झालं नाही तर हे चित्र कुणाच्याच कामाचं नव्हतं. औरंगाबादचा माणूस भेंडीचा फोटो लावून मोकळा होणार आणि दादाची शेवटची भेंडी या संगणकात पडून राहणार. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. एक पान आणि एक फूल. मी दादाच्या हाताखाली इतकी वर्षं कडा कापल्या होत्या. एक पान मला यायला हवं होतं.

मी बसलो आणि पाटी हलवली नाही. दादानं ठेवली होती तशीच ठेवली, उलटी, बटणं उजवीकडं. संगणकातही काही बदलायचं नाही असं ठरवलं. डाव्या हातानं पेन धरलं. पानाची पहिली शीर आली ती भूकंप झाल्यासारखी. पेन उजव्या हातात घेतलं तर मनगट बटणांवर पडू लागलं. कागद सरकला, ब्रश वाढला, चित्र एवढं मोठं झालं की पडद्यावर नुसता हिरवा रंग राहिला. कुठलं बटण काय ते आठवेना. संगणकात एका खिडकीत त्यांची यादी दिसायची, पण त्या यादीतलं वरचं बटण उलट्या पाटीवर खाली येत होतं. यादी वाचून हात चालत नाही. मी वाचतोय, मान फिरवतोय, दाबतोय, आणि पान काही पानासारखं होत नाही. त्यात भारनियमन. वीज गेली की जेवढं साठवलं नव्हतं तेवढं गेलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं संगणक दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि हसला. म्हणाला, सर, सगळं उलटंपालटं करून ठेवलंय, बिलकुल सोपं आहे, एक बटण दाबलं की सगळं कंपनीनं दिलं होतं तसं होईल. बाण त्यानं त्या बटणावर नेलासुद्धा. मी त्याचा हात धरला. नको म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं.

त्यानंतर मला दादाचा जो राग आला, तसा तो जिवंत असताना कधी आला नव्हता. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण पाटी समोर आहे, पेन हातात आहे आणि तो ठेवून गेलेला एकूण एक आदेश माझ्या हाताविरुद्ध आहे. सरळ सांगून जायला काय झालं होतं? एका कागदावर लिहून ठेवायला? मी पेन टेबलावर आपटलं. वहिनी आत तांदूळ निवडत होती, ती बाहेर आली. महिन्याच्या विधीसाठी आत्याही येऊन बसली होती. ती भिंतीला टेकून वाती वळत होती.

वहिनीनं विचारलं की काय अडलंय. मी सांगितलं. दादाचं सगळं आहे तसं ठेवायचं आहे आणि तसं ठेवलं तर पान होत नाही. पान झालं नाही तर चित्र जातंय. उद्या शेवटचा दिवस.

तिनं पाटीकडं पाहिलं.

"भाऊजी, त्यांनी तरी कवा ठेवलं होतं आहे तसं?" ती म्हणाली. "रोज बदलून राह्यले होते. तुम्हीच भांडत होता ना त्यावरून."

खरंच, मी जे जपत बसलो होतो ते दादाच्या एका दिवसाचं, त्या शेवटच्या संध्याकाळचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान काढायला बसला असता तर त्यानं पहिलं काम हेच केलं असतं, बटणं बदलली असती.

मी पाटी फिरवली. या वेळी संगणकालाही सांगितलं. खिडकी उघडली आणि एकेक बटण माझ्या हाताला लावत गेलो. मला मागं जायचं बटण सगळ्यांत जवळ हवं होतं, कारण मी फार चुकतो. दोरी मला लागणारच नव्हती. पानात सरळ रेघ नसते. तिथं मी ब्रश लहान करायचं काम दिलं. वहिनी बाजूला उभी राहून पाहत होती. मग ती आत गेली आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. इतके दिवस ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

"मागं जायचं कुठलं?" तिनं विचारलं. मी दाखवलं. तिनं पाकिटातून बारीक लाल टिकली उचलली.

आत्याचे हात थांबले. "अगं, काय करून राह्यली तू हे?" ती हलकेच म्हणाली. "बरं दिसतं का?"

वहिनीनं टिकली बटणावर ठेवून अंगठ्यानं दाबली. "मशीनला लावून राह्यले, आत्याबाई," ती म्हणाली. "मशीनचं कोणी गेलं न्हाई."

वहिनीनं बाकीच्या दोन टिकल्याही लावल्या. थोड्या वेळानं आत्यानं वातींचं ताट बाजूला सारलं, उठून जवळ आली आणि हिरव्या टिकलीचं बटण कशासाठी असतं ते मला विचारलं. मी कागद सरकवून दाखवला. ती म्हणाली, बरंय.

चौथं बटण राहिलं. त्याला काय द्यावं याचा विचार करत मी पानाला सुरुवात केली. उजवा हात पेनावर, डावा बटणांवर. थोडं काम झालं, मग आणखी थोडं, आणि पान पानासारखं दिसू लागलं तेव्हा माझं डाव्या हाताकडं लक्ष गेलं. बोटं टिकल्यांवर होती आणि अंगठा त्या मोकळ्या बटणावर विसावला होता. चांगला जोर देऊन. त्या बटणाला मी काही काम दिलं असतं तर एव्हाना पान पुन्हा उद्ध्वस्त झालं असतं. मला दादा शिडीवर दिसला. डाव्या हातात ब्रश, उजव्या हातात रंगाची डबी, आणि डबीच्या काठावरून आत वळलेला तो अंगठा. सगळं वजन अंगठ्यावर. वर्षानुवर्षं डबी धरलेला अंगठा. डबी गेल्यावर त्याला ठेवायला कुठं तरी जागा हवी होती. ती त्यानं करून दिली होती आणि मला सरळ सांगितलंही होतं. मी त्या बटणाला काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र दिलं. पान ठीक झालं होतं. फूल त्याहून बरं. पिवळ्या पाकळ्यांच्या आत जो गडद लाल ठिपका असतो, तो मला साधला होता असं मला वाटलं. व्यवस्थापकांनी पाहिलं, मान हलवली आणि ठेवून घेतलं. औरंगाबादच्या माणसाचं नाव काढलं नाही.

पुढं उन्हं तापू लागल्यावर कामासाठी मी वाटूरला गेलो होतो. फाट्यावर बस थांबली तेव्हा समोरच्या कृषी केंद्रात दोरीला लटकवलेल्या पुड्यांत मला आमची भेंडी दिसली. मी उतरून दुकानात गेलो आणि पुडी हातात घेतली. पाच भेंड्या, कडांवरची लव, ते शेंडे. छपाई उत्तम. आणि वरच्या कोपऱ्यात, माझं पान आणि माझं फूल जिथं असायला हवं होतं बरोबर तिथं, कंपनीनं एक भला मोठा लाल गोल छापला होता आणि त्यात लिहिलं होतं: 'सुधारित'.

मी पुडी फिरवून, तिरकी धरून पाहिली. गोलाच्या कडेबाहेर माझ्या पानाचं एक टोक आलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. बाकी सगळी भेंडी दादाची. दुकानदारानं विचारलं, किती देऊ. मी एक घेतली. बस तोवर निघून गेली होती.

घरी येऊन पुडी वहिनीसमोर ठेवली. तिनं ती जवळ नेऊन पाहिली आणि तो गोल पाहिल्यावर माझ्या तोंडाकडं पाहिलं. चार दिवस मी त्या पानापायी घर डोक्यावर घेतलं होतं, हे तिला आठवलं असावं. ती हसायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली आणि मी, काय हसताय, असं म्हणत वैतागून उभा राहिलो.